दहा जीबीची फेरमोजणी

सन २०००, नोव्हेंबरातला तिसरा रविवार, दुपार. रक्कम चार हजार आठशे रुपये. पैकी तीन हजार आठशे दिलेले, एक हजार द्यायचे. ठिकाण चंद्रपूर, आमच्या घरातली मधली खोली. हजर मी आणि झाकण काढून ठेवलेला कॉम्प्युटर. बायको बाजारात गेली होती. ती घरी असती तर पुढचं काही घडलंच नसतं असं ती अजूनही म्हणते, आणि तिचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे एकही आकडा नाही.

चार हजार आठशे ही कॉम्प्युटरची किंमत नव्हे. तो आम्ही आधीच जुना विकत घेतला होता. ही किंमत त्याच्या आत बसवलेल्या नव्या हार्ड डिस्कची, दहा जीबीची. तिची गरज मला नव्हती, बायकोला होती. तिने एका क्लासमध्ये मराठी टायपिंग आणि छपाईची पानं लावायचं काम शिकून घेतलं होतं आणि घरूनच लग्नपत्रिका, वर्गणीची पावतीपुस्तकं, एखाद्या पतसंस्थेचा अहवाल अशी कामं करत होती. मग तिला पहिलं मोठं काम मिळालं. पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेला पन्नास वर्षं होत होती, त्यांना स्मरणिका काढायची होती. एकशे बारा पानं, आत फोटो. जुन्या दोन जीबीच्या डिस्कमध्ये फोटो मावेनात, म्हणून दिवाळीआधी नवी डिस्क घेतली आणि दुकानदाराने सगळं तिच्यात हलवून दिलं. जुनी डिस्क त्याने पाचशे रुपये देऊन परत घेतली. हा सौदा मीच ठरवला होता, आणि तेव्हा मला तो फार शहाणपणाचा वाटला होता.

स्मरणिकेचं काम शाळेचे एक निवृत्त गुरुजी पाहत होते. शाळेच्या पहिल्या तुकडीतली जी माणसं हयात होती त्यांच्याकडे ते सायकलने जात. त्यातल्या बऱ्याच जणांनी चौथीनंतर हातात पेन धरलं नव्हतं. कुणी सांगितलं की शाळा आधी मोहाच्या झाडाखाली भरायची, कुणी सांगितलं की पहिल्या गुरुजींना पगाराऐवजी पायली पायली धान मिळायचं. हे सगळं गुरुजी डोक्यात साठवून एसटीने चंद्रपूरला यायचे आणि बायकोच्या शेजारी खुर्ची टाकून सांगत बसायचे. ते सांगायचे, ती टाइप करायची. कागद मध्ये कुठेच नव्हता. पहिल्या चाळीस पानांची प्रूफं काढून झाली होती. उरलेली बहात्तर पानं डिस्कमध्ये होती आणि दुसरीकडे कुठेच नव्हती. गुरुजी सोमवारी सकाळी शेवटची प्रूफं वाचायला येणार होते आणि मंगळवारी प्रेसला मजकूर द्यायचा होता.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी स्क्रू काढायला घेतले, कारण धूळ. आमच्या शहरातली धूळ काळी असते. ती कोळशाची की वीज केंद्राच्या राखेची यावर दोन मतं आहेत, पण ती बंद डब्यातही जाते यावर एकमत आहे. मी ब्रश घेऊन आतली धूळ झाडत होतो आणि झाडता झाडता डिस्कवर चिकटवलेली कंपनीची पट्टी वाचली.

आता माझी नोकरी सांगायला हवी, नाहीतर पुढचं वागणं निव्वळ खुळेपणाचं वाटेल. खुळेपणाचं ते होतंच, पण त्याला शिस्त होती. मी लाकडाच्या डेपोत मोजणीच्या कामावर होतो. जंगलातून सागाचा ओंडका, म्हणजे आमच्या भाषेत नग, उतरला की त्याची लांबी घ्यायची, मधोमध टेप गुंडाळून घेर घ्यायचा, त्यावरून घनमीटर काढायचे आणि आकडे नगाच्या तोंडावर घालायचे. मग ते रजिस्टरात चढवायचे. पुढे कधी नग आणि रजिस्टर यांचा मेळ बसला नाही तर नगावरचा आकडा खरा धरायचा आणि रजिस्टर दुरुस्त करायचं. कारण रजिस्टर माणूस खुर्चीत बसून लिहितो. नगावरचा आकडा नगाजवळ उभं राहून घातलेला असतो. लिलावाला आलेले व्यापारीसुद्धा हे मानतात. नजरमापाला आमच्याकडे जागा नव्हती. कुणी ‘अंदाजे’ हा शब्द वापरला तरी मला जेवण गोड लागत नसे.

तर पट्टीवर तीन आकडे होते. सिलिंडर १६३८३, हेड १६, सेक्टर ६३. तीन आकडे शेजारी शेजारी दिसले की गुणाकार केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दुकानदाराने मागे कधीतरी सांगितलं होतं की डिस्कमध्ये मजकुराचे कप्पे असतात आणि एका कप्प्यात पाचशे बारा अक्षरं मावतात. म्हणजे चार आकड्यांचा गुणाकार. कॅल्क्युलेटरला आठच घरं, उत्तर त्यात मावेना, म्हणून एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर हाताने केला. उत्तर आलं आठशे पंचेचाळीस कोटी बावन्न लाख सातशे अडुसष्ट.

दहा जीबी म्हणजे हजार कोटी अक्षरं, हे मी खरेदीच्या वेळीच विचारून घेतलं होतं. पुन्हा गुणलं. तेच उत्तर.

घट जवळजवळ साडेपंधरा टक्के. सागाच्या थप्पीत एवढी घट निघाली तर दोन माणसं घरी बसतात. चार हजार आठशेच्या प्रमाणात ही घट सातशे एकेचाळीस रुपये पन्नास पैसे होते. द्यायच्या हजारातून ते वजा करायचं मी तिथेच ठरवलं. दुकानदाराला काय बोलायचं तेही मनात जुळवलं. वाक्यं चांगली होती. आवाज चढवायचा नाही, फक्त आकडे पुढे ठेवायचे.

पण एका बाजूच्या मोजणीवर कुणाला दोषी धरू नये. कॉम्प्युटरने स्वतःच्या नोंदीत काय लिहून ठेवलंय ते पाहायला हवं होतं. ही नोंद कुठे असते ते मला ठाऊक होतं. मशीन चालू होताना डिलीटचं बटण दाबलं की निळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत सेटअप उघडतो. दुकानदार त्याला बायोस म्हणायचा. डिस्क बसवताना त्याने तो आमच्यासमोर उघडला होता. मी उघडला. डिस्कच्या ओळीत लिहिलं होतं सिलिंडर १२४५, हेड २५५, सेक्टर ६३.

एकही मोठा आकडा पट्टीशी जुळत नव्हता. आणि हेड दोनशे पंचावन्न! हेड म्हणजे चकतीवर फिरणारी सुई. दुकानदाराने एक मेलेली डिस्क उघडून काउंटरवर शोभेला ठेवली होती, तिच्यातल्या सुया मी मोजल्या होत्या. चार होत्या. इंचभर जाडीच्या डबीत दोनशे पंचावन्न सुया बसतील असं रजिस्टर आमच्या डेपोत कुणी लिहिलं असतं तर त्याला दारू पिऊन आलास का म्हणून विचारलं असतं. पट्टीवरचे सोळाही मला जरा जास्त वाटले, पण ते नगावर छापलेले होते.

निर्णय सोपा होता. नग खरा, रजिस्टर खोटं. रजिस्टर दुरुस्त करायचं.

सेटअपमध्ये डिस्क आपोआप ओळखण्याची एक सोय होती. ती चालवल्यावर पडद्यावर एकाखाली एक तीन ओळी आल्या आणि यांतली एक निवडा असं मशीन म्हणालं. एकाच नगाची तीन मापं! पहिल्या ओळीत तेच दोनशे पंचावन्न सुयांचं माप. दुसरीत १६३८३, १६, ६३, अगदी पट्टीबरहुकूम. तिसरी मी वाचलीच नाही. दुसरी निवडली. बदल ठेवायचा का, असं विचारल्यावर ‘वाय’ दाबलं आणि सही केल्याचं समाधान घेऊन खुर्चीत मागे टेकलो.

मशीन पुन्हा सुरू झालं. काळा पडदा आला आणि वर डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या इंग्रजीत एक ओळ: ऑपरेटिंग सिस्टिम नाही. त्यानंतर काही नाही.

मी बंद केलं, चालू केलं. तीच ओळ. तेवढ्यात फाटक वाजलं.

बायको भाजीची पिशवी घेऊन आत आली. ती चिमूरकडची. रागावली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो.

“काय करून राह्यले?”

“धूळ झाडत होतो.”

“धूळ झाडाले चालू कराव लागते?”

“थोडी मोजणी केली. ही डिस्क दहाची नाही, साडेआठची आहे. आपल्याला फसवलं.”

“बरं. मग हे काळं काऊन आहे?”

“ते होईल ठीक.”

“माझी पानं कुठी आहेत?”

तिने पिशवी खाली ठेवली. त्यातून एक वांगं घरंगळून टेबलाखाली गेलं, ते तिने उचललं नाही. एरवी ती असं करत नाही.

“उद्या गुरुजी येऊन राह्यले,” ती म्हणाली. “त्याइले मी काय सांगू? तुमाले पुन्हा त्या म्हाताऱ्याइकडं जा म्हणू? त्यातली एक बुढी तर दिवाळीत गेली. तिचं सांगितलेलं फक्त याच्यात आहे.”

मी दुकानदाराच्या घरी फोन लावला. त्याच्या भावाने उचलला. दुकानदार भाचीच्या लग्नाला गडचांदूरला गेला होता. लग्नघराचा नंबर मिळाला. तिकडे बँड वाजत होता आणि दुकानदार फोनवर येईपर्यंत मी बँडच ऐकत होतो. आमचा फोन बाहेरच्या खोलीत आणि कॉम्प्युटर मधल्या, त्यामुळे बायको दारात उभी राहिली, म्हणजे एका कानाने माझ्यावर आणि एका डोळ्याने पडद्यावर लक्ष ठेवता येईल.

“बोला भाऊ,” दुकानदार म्हणाला. आम्ही त्याला भाई म्हणायचो. तो दिलदार माणूस होता, पण त्या वेळी त्याच्या तोंडात घास होता हे ऐकू येत होतं.

मी सगळं सांगितलं. सुरुवातीपासून. पट्टीवरचे आकडे, बायोसमधले आकडे, गुणाकार.

“भाऊ, आकडे राहू द्या. पडद्यावर काय येऊन राह्यलं ते बोला.”

मी बोललो.

“मग गेली असन. होते कधी कधी. फॉर्मेट मारून टाका ना. माझी बूट फ्लॉपी दिलेली आहे तुमाले, ते टाका, फॉर्मेट मारा, उद्या संध्याकाळी येऊन बाकीचं टाकून देतो. एकदम नवी होऊन जाते डिस्क.”

“नवी?”

“एकदम नवी. चला भाऊ, पंगत बसली.”

मी आज्ञाधारक माणूस आहे. नियम सांगणारा भेटला की मला बरं वाटतं. फ्लॉपी घातली, मशीन चालू केलं, फॉर्मेटचा हुकूम टाइप केला. मशीनने एक लांबलचक इंग्रजी वाक्य लिहिलं आणि शेवटी ‘वाय’ की ‘एन’ असं विचारलं.

“हे काय विचारून राह्यलं?” बायको खांद्यामागून म्हणाली.

“सगळं पुसून टाकू का, म्हणते.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं.”

“त्यात माझी पानं आली?”

“असतील तर आलीच.”

“असतील तर? म्हणजे असू शकते अजून?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. डेपोत नग हरवला की तो हरवलेलाच असतो. असून दिसत नाही असा प्रकार आमच्याकडे नाही.

“पण भाई म्हणाले—”

“भाई लग्नात जेवून राह्यले. त्याइचं काय जाते? नाई म्हणा त्याले.”

मी ‘एन’ दाबलं. आजवर दाबलेल्या बटणांत एवढं बरोबर बटण दुसरं नसेल, आणि ते मी नाइलाजाने दाबलं होतं.

तिने शेजारची खुर्ची ओढली. गुरुजी बसायचे ती. “आता सांगा. पहिले काय होतं आणि तुम्ही काय केलं. मधलं गाळू नका.”

“सिलिंडर बाराशे पंचेचाळीस होते, ते सोळा हजार तीनशे त्र्याऐंशी केले. हेड दोनशे पंचावन्न होते, ते सोळा केले. सेक्टर त्रेसष्ट होते, ते तसेच आहेत.”

“पक्कं आठवते?”

“आकडा मी विसरत नाही.”

“मग पहिल्यासारखं करून टाका. पटलं नाई तरी करा.”

मला पटलं नव्हतंच. माहीत असून खोटी नोंद पुन्हा घालायची म्हणजे आमच्या खात्यात निलंबनाचं काम. पण घातली. या खेपेला मशीनने सुचवलेल्या ओळींतून निवडायचं मी टाळलं, कारण मघाशी त्यानेच घात केला होता. एकेका घरात जाऊन स्वतः टाइप केलं: १२४५, २५५, ६३. तीनदा तपासलं. सेव्ह केलं.

या वेळी ओळ वेगळी आली. आता डिस्कच नापास झाली, असं मशीन म्हणत होतं. आधी निदान डिस्क होती, तिच्यात काही नव्हतं. आता डिस्कही नाही.

मी घाईघाईने म्हणालो, “आकडे बरोबर आहेत. तूच पाहा. एकही चूक नाही.”

“पाहते,” ती म्हणाली. “उघडा ते निळं.”

मी उघडलं. ती पडद्याजवळ गेली. चष्मा लावला. माझी समजूत अशी होती की ती आकडे तपासणार आणि मान डोलावणार. पण तिने आकड्यांकडे पाहिलंच नाही. पानं लावणारी माणसं मजकूर वाचत नाहीत, त्याचा आकार पाहतात. लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ एका ओळीत बसतं की खाली घसरतं, हे ती अक्षर न वाचता सांगते.

“हे शेवटचं काय आहे?” तिने ओळीच्या टोकावर बोट ठेवलं.

“ते काही नाही. शब्द आहे.”

“पहिले हाच शब्द होता?”

“शब्दाकडे मी पाहिलं नाही.”

ती माझ्याकडे वळली. वीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे अनेक प्रकारे पाहिलं आहे. हे त्यातलं नवीन होतं.

“तीन आकडे पाठ केले आणि त्याच ओळीतला शब्द नाई पाहिला?”

“तो मोजता येत नाही ना.”

“दिवाळीच्या आधी भाईनं डिस्क बसवली तवा मी इथीच उभी होती,” ती म्हणाली. “ही ओळ उजवीकडं इतकी लांब नव्हती. शेवटी लहान शब्द होता. जागा राह्यली होती. आता पाहा, कोपऱ्याले चिटकला.”

शब्द होता ‘नॉर्मल’. इंग्रजीत सहा अक्षरं. मी त्याच्यावर जाऊन पेज-अपचं बटण दाबलं. ‘लार्ज’ आला.

“पाच,” ती म्हणाली. “लांबच आहे.”

पुन्हा दाबलं. ‘ऑटो’.

“चार. थोडा लहान. पण नाई.”

पुन्हा दाबलं. ‘एलबीए’.

ती थोडी मागे सरकली, मग बाजूने पाहिलं, प्रूफ पाहते तसं. “हा. इतकाच होता. तीन अक्षरं आणि मंग जागा.”

“हे तीन अक्षरांचं काय आहे ते मला माहीत नाही,” मी म्हणालो.

“मले तरी कुठी माहीत आहे. दाबा.”

मी सेव्ह केलं. पडदा काळा झाला. मग तिचा निळसर डेस्कटॉप आला, वर गुलाबाचं चित्र आणि डाव्या बाजूला शाळेच्या नावाचा फोल्डर. तिने माउस माझ्या हातातून घेतला. पहिली पानं तिने उघडली नाहीत, एकदम शेवटाकडे गेली. त्या गेलेल्या म्हातारीचं पान होतं. वरून खालपर्यंत ओळी सरकवत तिने ते पूर्ण पाहिलं, मग त्याच्या पुढचं, मग त्याच्याही पुढचं. एकशे बारावं पान आल्यावर चष्मा काढला.

“दुकानं उघडी असतीन अजून. फ्लॉप्या घेऊन या. दहाचं खोकं. तुम्ही मागच्या खेपेले तीन आणल्या होत्या.”

मागच्या खेपेला मी तीन आणल्या होत्या कारण एका फ्लॉपीत किती पानं मावतात याचा हिशेब केला होता. एखादी खराब निघेल हे धरायचं राहिलं होतं. मी सायकल काढली.

सोमवारी गुरुजी आले. नव्या धानाचे तांदूळ आणले होते, पाचेक किलो, पंच्याच्या गाठोड्यात. त्यांना झालेलं काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, पण बसायला खुर्ची देता देता बायकोनेच सांगून टाकलं. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “पण भाऊ, दोनशे पंचावन्न सुया कशा बसतीन त्यात? तुमचं म्हणणं तर बरोबर वाटते.” त्या दोन दिवसांत माझ्या बाजूने उभा राहिलेला हा एकच माणूस. मग ते प्रूफं वाचायला बसले. म्हातारीच्या पानाशी आल्यावर त्यांनी बायकोला ते मोठ्याने वाचायला सांगितलं. ती वाचत असताना ते खिडकीबाहेर पाहत होते. एका ठिकाणी त्यांनी थांबवलं आणि म्हणाले, “इथी ती हसली होती. ते कसं लिहाव?” त्यावर थोडी चर्चा झाली. शेवटी तिथे एक ओळ मोकळी सोडायचं ठरलं.

संध्याकाळी दुकानदार आला, लग्नाचे लाडू घेऊन. बायकोने चहा ठेवला आणि आतूनच म्हणाली, “भाई, यांचे सातशे एकेचाळीस रुपये पन्नास पैसे निघते तुमच्याकडं. देऊन टाका.”

“कायचे?”

मग मला लग्नपत्रिकेची पाठ दाखवावी लागली. त्याने गुणाकार काळजीपूर्वक पाहिला. “हिसाब सही आहे, भाऊ,” तो म्हणाला. “एकदम सही.” आणि पिशवीतून एक डिस्क काढली. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बसवायची होती. “हे पाहा. वीस जीबीची आहे. हिच्यावरचं वाचा.”

मी वाचलं. सिलिंडर १६३८३, हेड १६, सेक्टर ६३.

मी पुन्हा वाचलं. घेर एकच आणि लांबी एकच, पण एक नग दुसऱ्याच्या दुप्पट. असं जंगलात होत नाही.

“आठ जीबीच्या वर सगळ्या डिस्कवर हेच छापते,” तो म्हणाला. “याच्या पुढं मोजाले जुन्या बायोसले येतच नाई ना, म्हणून. कंपनी बी खोटं लिहिते, बायोस बी खोटं लिहिते. डिस्क भरताना आणि वाचताना एकच खोटं ठरलेलं असलं की काम चालते. तुम्ही मधात खरं टाकाले गेले.”

“पण मग खरा आकडा कुठे असतो?”

“डिस्कच्या आत असन. मी कधी विचारला नाई.” त्याने लाडवाचा तुकडा मोडला. “भाऊ, तुम्ही चहात साखर मोजून टाकता का?”

“मोजूनच टाकते हे,” बायको आतून म्हणाली. “सपाट दोन चमचे.”

मी मात्र त्या रात्री दोनशे पंचावन्न सुयांचाही गुणाकार करून पाहिला. एक हजार चोवीस कोटी आणि वर काही लाख. म्हणजे दुकानदाराने दहाच्या नावाखाली मला थोडं जास्तच दिलं होतं. हे मी त्याला सांगितलं नाही. बायकोलाही आठवडाभराने सांगितलं. हजार रुपये त्याला तिथल्या तिथे, चहा संपायच्या आत दिले होते. फॉर्मेट मारा म्हणून सांगितल्याबद्दल बायकोने त्याला वेगळं सुनावलं. त्याने दोन्ही कानांना हात लावले आणि म्हणाला, “भाभी, पंगत बसली होती ना.” तिलाही हे कारण पटल्यासारखं दिसलं.

मंगळवारी दहा फ्लॉप्यांमधून मजकूर आणि पाकिटातून मूळ फोटो प्रेसला गेले. एक फ्लॉपी तिथे उघडली नाही. ती बायकोने घरून पुन्हा भरून नेली, कारण घरी मजकूर होता. त्यानंतर आजपर्यंत मी सेटअप उघडलेला नाही. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं दिसली तरी मी नजर दुसरीकडे वळवतो.

कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो. शाळेच्या पटांगणात मांडव होता, पुढे सतरंज्यांवर पहिल्या तुकडीची उरलेली माणसं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना त्यांची पानं नातवंडं वाचून दाखवत होती. एक म्हातारबुवा आपल्या पानावरच्या फोटोकडे बराच वेळ पाहत होते, मग त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, “हा मीच का?” शेजारी म्हणाला, “नाव तर तुमचंच आहे.” त्यावर ते समाधानाने स्मरणिका मिटून मांडीवर घेऊन बसले.

जेवणं झाल्यावर गुरुजींनी आम्हाला शाळेच्या कार्यालयात नेलं. टेबलाच्या खणातून पाकीट काढलं आणि सवयीने माझ्यापुढे धरलं. मीही सवयीने हात पुढे केला.

“त्याइच्या हाती नका देऊ, गुरुजी,” बायको म्हणाली. “ते तपासून पाहतीन.”

गुरुजी हसले आणि पाकीट तिच्याकडे वळवलं. तिने उघडून नोटा मोजल्या, एकदाच. एकशे बारा पानं, पानाला वीस रुपये. रोख दोन हजार दोनशे चाळीस रुपये शाळेतर्फे गुरुजींनी माझ्या बायकोला दिले, आणि पावतीवर सही तिने केली.